पी.पी. नंबर ते टचस्क्रीन : सुरतच्या मराठी घरातला फोन

गेल्या दिवाळीआधी माळा आवरताना माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका हाती लागली. साल १९८३. वर 'श्री गजानन प्रसन्न', मधे दोन्ही घरांची नावे, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक टेलिफोन नंबर. त्याच्यापुढे कंसात 'पी.पी.'. माझी नात बारावीला आहे. तिने विचारले, "आजोबा, हे पीपी काय?" मी सांगितले, तो नंबर आपला नव्हता, शेजाऱ्यांचा होता. तिला काही केल्या पटेना. दुसऱ्याचा नंबर आपल्या लग्नपत्रिकेवर छापायचा, आणि त्याने तो छापू द्यायचा?

सुरतेत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना हे समजावून सांगायला नको. पी.पी. हा मूळ ट्रंक कॉलच्या भाषेतला शब्द. अमुक एक माणूसच लाइनवर हवा असेल तर 'पर्टिक्युलर पर्सन' असे ऑपरेटरला सांगावे लागे. पुढे त्याचा अर्थ आपल्याकडे 'शेजारच्यांचा फोन, पण बोलावून देतात' असा झाला. आमच्या उधन्याच्या चाळीत एकच फोन होता, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या घरी. अमळनेरहून किंवा नंदुरबारहून फोन आला की त्यांची सून गॅलरीत येऊन हाक मारायची, "बेन, तमारो फोन छे!" आई पोळी तव्यावर टाकून धावत सुटायची. त्या घराने आमच्याकडून कधी पैसे घेतले नाहीत. आई संक्रांतीला तिळगूळ आणि गौरीला पुरणपोळी पोचवायची, तेवढाच हिशेब.

हा लेख लिहायचे कारण मात्र पत्रिका नाही. कारण माझी आई आहे. ते पुढे येईलच.

आपल्यातले बहुतेक जण तापी व्हॅली रेल्वेने इथे आले. सुरत, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, भुसावळ ही या रेल्वेची वाट आणि हीच आपल्या नात्यांचीही वाट. काही घरे त्याआधीची, गायकवाडांच्या नवसारी-सोनगडकडून सरकत आलेली. पण उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांतली मोठी वस्ती खानदेशातून पोटासाठी आली, मिलमध्ये आणि लूमवर लागली. गावाशी धागा पत्राचा होता. तार आली की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची, कारण चांगल्या बातमीसाठी तारेवर पैसे कोण घालवणार? (ती तार सरकारने १५ जुलै २०१३ पासून बंद केली. आमच्या पिढीला हायसे वाटावे की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.)

फोन ही चैन होती, आणि त्यासाठी रांग होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. 'ओन युवर टेलिफोन' म्हणून एक वर्ग होता, त्यात जास्त अनामत भरली की नंबर लवकर लागे. ती कापडाच्या व्यापाऱ्यांना परवडायची. बाहेरगावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करायचा : ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लाइटनिंग. ऑर्डिनरी लावला तर सकाळपासून दुपारपर्यंत फोनजवळ बसून राहायचे. ऑपरेटर बाई मधूनच ऐकत असत आणि आवाज जात नसेल तर आपला निरोप त्याच पुढे सांगत. "ते म्हणतात, मुलगा झाला, दोघेही सुखरूप आहेत." मराठी-गुजराती दोन्ही येणारी ऑपरेटर लाभली तर भाग्यच. ऑपरेटरशिवाय थेट दुसऱ्या शहराला नंबर फिरवण्याची सोय देशात प्रथम नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात झाली. आपल्यासारख्यांच्या हाती ती यायला पुढची पंचवीस-तीस वर्षे जावी लागली.

ती हाती आली पिवळ्या पाटीच्या बूथमधून. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली. तिच्यामागे सॅम पित्रोदा होते. जन्म ओडिशातला, शिक्षण बडोद्याच्या विद्यापीठातले, घराणे गुजराती. त्यांची भूमिका अशी होती की गरीब देशात घरोघरी फोन पोचायला वेळ लागेल, पण प्रत्येकाच्या चालण्याच्या अंतरावर फोन असू शकतो. एसटीडी-पीसीओ गल्लोगल्ली झाले, आणि अनेक बूथ अपंगांना प्राधान्याने मिळाले. आमच्या नाक्यावरचा बूथ एका पायाने अधू असलेल्या गृहस्थांकडे होता. रात्री अकरानंतर दर पाव होत असे, म्हणून साडेदहापासूनच रांग लागायची. काचेच्या खोलीत लाल आकडे पळत असायचे आणि आपण घाईघाईने बोलत असायचो. ज्या बायकांना आकडे लावता येत नसत, त्यांचा नंबर बूथवाले काका लावून देत. काहींच्या माहेरचे नंबर त्यांना तोंडपाठ होते, आणि कुणाच्या भावाचे काय चालले आहे हेही.

सप्टेंबर १९९४ आठवा. गणपती विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले होते. शहरात प्लेग असल्याची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून गेली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. जे गेले नाहीत, त्यांच्यासाठी बूथ हा एकच आधार होता. गावाकडे वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे येत होते आणि इकडे आपण जिवंत आहोत हे कुणाला तरी सांगायचे होते. रांग पलीकडच्या गल्लीपर्यंत गेलेली. लोक तोंडाला रुमाल बांधून उभे. त्या चार-पाच दिवसांत बूथवाल्या काकांनी अनेकांचे एकेक मिनिटाचे फोन स्वतः लावून "सुरतहून बोलतोय, तुमची माणसे ठीक आहेत" एवढे सांगितल्याचे मी पाहिले आहे. माझ्या मामांना नंदुरबारला असाच निरोप गेला होता.

इथपर्यंतच्या फोनबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. आईने आयुष्यात पंचेचाळीस वर्षांपर्यंत स्वतः एकही नंबर फिरवला नव्हता, तरी तिचा एकही महत्त्वाचा निरोप चुकला नव्हता. शेजारची सून, ऑपरेटर बाई, बूथवाले काका असे कुणी ना कुणी मधे होते. फोनचा अवघड भाग ती माणसे करत, आणि बोलण्याचा सोपा भाग आई करत असे.

मोबाइलच्या सुरुवातीला तर ते श्रीमंतांचे खेळणे होते. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशात त्याची सुरुवात केली. तेव्हा आपण केलेल्या फोनचे पैसे पडत आणि आलेल्या फोनचेही. सुरतेत रिंग रोडच्या कापड बाजारात शेठ लोकांच्या हातात तो दिसू लागला, पण तो वाजला की शेठ नंबर बघून कट करत आणि दुकानातल्या लॅंडलाइनवरून उलट फोन लावत. 'मिस्ड कॉल' ही आपल्या देशाची देणगी अशा हिशेबी माणसांनी दिली असे माझे मत आहे.

खरा बदल २००३ चा. त्या वर्षी १ मेपासून आलेल्या फोनचे पैसे घेणे बंद झाले, आणि त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हाती देणारी योजना काढली. पोस्टकार्डापेक्षा स्वस्तात बोलणे व्हावे ही धीरूभाईंची इच्छा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. आमच्या चाळीत एका महिन्यात अकरा फोन आले. (यातले पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. ते फोन सीडीएमए पद्धतीचे होते, दुसऱ्या कंपनीचे कार्ड त्यात चालत नसे. पुढे कंपनीची ती सेवा बंद झाली आणि म्हाताऱ्यांच्या सवयीचे चांगले चालणारे फोन निकामी झाले.)

त्याच २००३ मध्ये नोकियाचा ११०० आला. जगभरात सुमारे पंचवीस कोटी विकला गेलेला हा फोन आपल्यासारख्या देशांकडे पाहूनच बनवला होता. बटनांवर सलग रबरी पडदा, म्हणजे धूळ आत जात नाही. घामट हातातून निसटू नये अशी खरखरीत बाजू. वर टॉर्च. लूमच्या खात्यात धूळ आणि कापसाचे तंतू उडत असतात आणि वीज कधीही जाते, तिथे काम करणाऱ्याला याहून चांगले काय हवे? आईचा पहिला फोन तोच. हिरवे बटन दाबले की बोलायचे, लाल दाबले की संपले. तिला दोन दिवसांत येऊ लागले.

ऑगस्ट २००६ च्या पुरात त्या फोनची किंमत कळली. उकाईतून पाणी सोडले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. नारळी पौर्णिमा होती त्या आठवड्यात. आमचा तळमजला छातीपर्यंत पाण्यात, लॅंडलाइन मेलेली, वीज नाही. आईने तिचा फोन बंद करून पदरात बांधून ठेवला होता. सकाळी आणि रात्री दहा-दहा मिनिटे चालू करायचा, टॉवर मिळाला तर बोलायचे, पुन्हा बंद. अशी ती बॅटरी पाच दिवस पुरली. वरच्या मजल्यावर अडकलेल्या आम्हा बारा माणसांचा निरोप बाहेर गेला तो त्या एका फोनमधून. रात्री जिना चढताना टॉर्चही त्याचाच. आज पाच-सहा इंची पडद्याचा फोन दिवसातून एकदा चार्ज करावा लागतो तेव्हा आईला हे आठवते आणि ती ते बोलूनही दाखवते.

नवापूरची गंमत तर इथे सांगितलीच पाहिजे. ते स्टेशन अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात. फोनच्या दृष्टीनेही तिथेच सर्कल बदलायचे. गावाला जाताना नवापूर आले की डब्यातली सगळी मराठी मंडळी खिशातून फोन काढून बंद करत, कारण पुढे आलेल्या फोनलाही रोमिंगचे पैसे! मार्च २००६ मध्ये बीएसएनएलने देशभर कुठेही एक रुपया मिनिट असा दर आणला तेव्हा गावी फोन करणे सोपे झाले, पण रोमिंगची धास्ती गेली ती थेट २०१६-१७ मध्ये, जिओ आल्यावर. आई अजूनही नवापूर आले की विचारते, "बंद करू का?"

आणि इथून माझ्या लेखाचा कडू भाग सुरू होतो.

सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की साधा फोन बाळगणे हाच वेडेपणा वाटू लागला. बिना बटनांचा फोन घरोघरी शिरला. माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून आईसाठी एक चांगला महागडा फोन पाठवला. प्रेमानेच पाठवला. तिचा जुना फोन आम्ही पोरांना खेळायला देऊन टाकला. नव्या फोनवर घंटा वाजली की पडद्यावर एक हिरवे वर्तुळ येते. ते दाबायचे नसते, बोटाने वर सरकवायचे असते. आईने पंधरा वर्षे हिरवे दाबले होते. ती दाबायची, फोन वाजतच राहायचा आणि मग गप्प व्हायचा. कुणाला विचारायची तिला लाज वाटली. "मला येत नाही" असे पोरांपुढे म्हणायचे कसे? तिने फोन कपाटात ठेवून दिला आणि आम्हाला सांगितले की चांगला चालतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये एका संध्याकाळी नंदुरबारहून मामांनी तिला पाच वेळा फोन लावला. आम्ही कुणी घरी नव्हतो. पाचही वेळा ती कपाट उघडून हिरवे वर्तुळ दाबत राहिली. आम्ही आल्यावरही बोलली नाही, कारण मग येत नाही हे कळले असते. रात्री दोन वाजता मामेभावाचा मला फोन आला. मामा गेले होते. संध्याकाळी त्यांना फक्त बहिणीशी बोलायचे होते.

१९९४ च्या प्लेगमध्ये पोचलेला निरोप २०१९ मध्ये हातातल्या फोनवर अडला. दोष आईचा नाही, हे मला त्या रात्री कळले. भावाचाही नाही. मधला माणूस आम्ही काढून टाकला होता आणि त्याच्या जागी काही ठेवले नव्हते.

त्यानंतर मी या विषयात जरा डोके घातले. म्हाताऱ्या माणसासाठी वेगळा फोन हवा ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये डोकोमो कंपनीने दोन हजार सालाच्या सुमारासच 'राकु-राकु' म्हणजे 'सोपा-सोपा' नावाचे फोन काढले. त्यांवर मोठी अक्षरे होती, जवळच्या तीन माणसांसाठी १-२-३ अशी तीन वेगळी बटने होती, आणि पुढच्या काहींत तर समोरच्याचा आवाज किंचित सावकाश करून ऐकवण्याची सोय होती. स्वीडनची डोरो कंपनी याच कामावर उभी राहिली. आपल्याकडे प्रयत्न झाले ते मुख्यतः किंमत कमी करण्याचे. २०१४ मध्ये गुगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांच्याबरोबर अँड्रॉइड वन फोन ६,३९९ रुपयांत आणले. २०१७ मध्ये जिओफोन आला, १,५०० रुपये अनामतीवर, बटनांचा आणि तरी इंटरनेट असलेला. म्हाताऱ्यांना तो मानवला, माझ्या ओळखीत तरी. २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट ६,४९९ रुपयांना आला, त्यात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायची सोय होती. आणि मधे फेब्रुवारी २०१६ मध्ये कुणी तरी २५१ रुपयांत स्मार्टफोनची जाहिरात केली होती, त्यावर लोकांच्या इतक्या उड्या पडल्या की संकेतस्थळ कोसळले! आमच्या गल्लीतल्या तिघांनी नोंदणी केली होती. अजून वाट पाहत आहेत.

भाषेचा भाग मात्र आपल्या सुरतकरांसाठी खास आहे. आपले वडीलधारे पालिकेच्या मराठी शाळांत शिकले (सुरत महापालिका आजही मराठी शाळा चालवते), रस्त्यावरच्या पाट्या गुजराती, आणि फोन बोलतो इंग्रजी. तीन लिप्यांच्या मधे माणूस उभा. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मानक ठरवले की देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व बावीस भारतीय भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, आणि टंकलेखन इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत करता आले पाहिजे. त्यामुळे आज अगदी स्वस्त फोनवरही मराठी दिसते. पण दुकानदार सुरतेत फोन लावून देताना सवयीने गुजराती किंवा हिंदी निवडतो. हिंदी कळफलकावर आपला 'ळ' शोधत बसावे लागते. दुकानातून बाहेर पडण्याआधी भाषा मराठी करून घ्या, एवढे मी प्रत्येकाला सांगतो. आवाजाने लिहिण्याची सोय गुगलने २०१७ मध्ये मराठीत आणली, ती उत्तम चालते. अडचण एकच. आई उत्साहाने फोनला म्हणाली, "मना भाऊले फोन लाव." फोनला अहिराणी कळली नाही. आणि तो भाऊही आता नव्हता.

दुसरा फोन घ्यायला आम्ही आईला बरोबर घेऊन गेलो. हे फार महत्त्वाचे ठरले. पहिली गोष्ट कळली ती बोटांची. म्हातारपणी कातडी कोरडी होते आणि पडद्याला स्पर्श कळत नाही. आई दाबते जोरात आणि जास्त वेळ, म्हणजे फोनला ते 'धरून ठेवले' असे वाटते आणि भलतेच काही उघडते. दुकानातल्या चार फोनांपैकी एकच तिच्या बोटाला नीट ओळखत होता, आणि तो सर्वांत महाग नव्हता. सेटिंगमध्ये 'स्पर्श धरून ठेवण्याचा वेळ' वाढवता येतो हेही त्या दिवशी कळले. बोटाचा ठसा देऊन कुलूप उघडण्याचे तर नावच सोडा. ज्यांनी तीस वर्षे सूत जोडले किंवा भांडी घासली, त्यांचे ठसे झिजलेले असतात. रेशनच्या दुकानात याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

दुसरी गोष्ट घंटेची. वय झाले की बारीक, किणकिणणारे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. फोनची घंटा नेमकी तशीच असते. आम्ही ढोलकीसारखी जाड आवाजाची घंटा लावली, तेव्हापासून स्वयंपाकघरातून ऐकू येते.

किंमत म्हणाल तर आठ हजारांच्या आत काम झाले. कॅमेरा किती मेगापिक्सेल, प्रोसेसर कोणता, हे सगळे दुकानदार सांगत होता. आम्ही पाहिले ते असे : बॅटरी पाच हजार एमएएच आहे का, स्पीकरचा आवाज मोठा आहे का, 'इझी मोड' किंवा 'सिंपल मोड' नावाची सोय आहे का. आणि सर्वांत मुख्य म्हणजे घरात आम्ही वापरतो त्याच कंपनीचा फोन घेतला, म्हणजे अडले तर नातीला आपल्या हातातला फोन पाहून सांगता येते. मग तिने पडद्यावरचे सगळे काढून टाकले. आता तिथे सहा चेहरे आहेत. चेहऱ्यावर बोट ठेवले की फोन लागतो. खाली व्हॉट्सॲप आणि टॉर्च. बाकी रिकामे. फोन उचलायला वर सरकवायचे हे आईने पंधरा दिवस रोज संध्याकाळी सराव करून शिकले. नात दुसऱ्या खोलीतून फोन लावायची, आई उचलायची, दोघी "हॅलो, कोण बोलतंय?" करायच्या.

ज्यांना फक्त बोलायचे आहे, त्यांना बटनांचाच फोन द्या, त्यात कमीपणा नाही. २०२२ पासून साध्या फोनवरूनही यूपीआयने पैसे पाठवता येतात. बटनांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरले की आपत्कालीन ११२ ला फोन लागावा अशी सोय सरकारने सक्तीची केलेली आहे. स्मार्टफोनवर ती बाजूचे पॉवरचे बटन लागोपाठ तीनदा दाबून मिळते, मात्र फोनाफोनाप्रमाणे फरक असतो, म्हणून घेतानाच पाहून ठेवा. पण स्मार्टफोन नकोच म्हणण्याचे दिवसही गेले. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' सुरू झाले ते बोटाच्या ठशावर, आणि ठसे झिजलेल्यांची तिथे पंचाईत झाली. २०२१ च्या नोव्हेंबरपासून चेहरा दाखवून तो देता येतो, पण त्याला अँड्रॉइड फोन लागतो, कुणाचाही चालतो. आमच्या गल्लीतल्या सात पेन्शनवाल्यांचे दाखले आईच्या फोनवरून निघाले. आईचा फोन पी.पी. झाला म्हणायचा! पोस्टमनलाही आता घरी बोलावून दाखला काढता येतो.

फसवणुकीबद्दल दोन शब्द. म्हाताऱ्यांना फोन करून पोलीस असल्याची बतावणी करतात, 'डिजिटल अटक' म्हणतात, ओटीपी मागतात. कायद्यात फोनवरून अटक अशी काही गोष्टच नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करावा. आईच्या फोनमागे मी एक कागद चिकटवला आहे, मोठ्या मराठी अक्षरांत : "पैशाचे कोणी बोलले की फोन ठेव आणि मला हाक मार." बँकेचे खाते त्या फोनला जोडलेलेच नाही. काहींना हे जास्त वाटेल. मला वाटत नाही.

आई आता शहाऐंशीची आहे. मामांचा चेहरा त्या सहा चेहऱ्यांत सातवा म्हणून ठेवायचा तिचा हट्ट होता. नातीने ठेवला. त्यावर बोट ठेवले की फोन नंदुरबारच्या घरी मामींना लागतो.

यंदा गणपतीत रोज संध्याकाळच्या आरतीनंतर मंडपाच्या डाव्या बाजूला टेबल टाकून आपली कॉलेजची मुले बसणार आहेत. ज्यांना फोन उचलता येत नाही, घंटा ऐकू येत नाही, अक्षरे लहान दिसतात किंवा मराठी करून हवे आहे, त्यांनी यावे. पैसे नाहीत. येताना चार्जर आणि नंबर लिहिलेली जुनी वही आणावी.